बिनस्टॅबिलायझरचा टीव्ही

दुसऱ्यांच्या घरी नवराबायको सासूवरून भांडतात, नाहीतर आमटीतल्या मिठावरून. आमच्याकडे भांडण ट्रान्सफॉर्मरवरून. माझा नवरा भिकाजी मुंबईत अंधेरीला टीव्हीच्या एका कंपनीत कामाला, आणि मी, सगुणा, इकडे पालीच्या अलीकडे कातळाच्या सड्यावरच्या आमच्या वाडीत, घराच्या पडवीत स्टॅबिलायझर बनवायची. तो गणपतीला यायचा आणि शिमग्याला यायचा. पिशवी खाली ठेवली, तांब्याभर पाणी प्याला, की आमचं सुरू. शेजारची कमळा काही ना काही मागायच्या निमित्ताने यायची, दारात उभी राहून ऐकायची आणि म्हणायची, "तुमच्यात गोड शब्द म्हंजे काय तो व्होल्टेज."

कमळाला हसायला काय जातंय. तिचा नवरा भागोजी रोज संध्याकाळी घरी येतो. माझा नवरा माझ्याशी इतका वेळ, इतक्या तळमळीने दुसऱ्या कुठल्याच गोष्टीवर बोलायचा नाही. तेव्हा भांडण तर भांडण, मला ते हवं होतं.

ज्यांनी स्टॅबिलायझर कधी उघडून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या वाडीची वीज खांबावरच्या डीपीपासून लांबून येते आणि आमचं घर लाईनीच्या अगदी टोकाला. दिवेलागणीला घरोघरी दिवे लागले की व्होल्टेज खाली बसतं आणि बल्बमधली नुसती तार लाल दिसते. अशा विजेवर टीव्ही लावला तर चित्र आक्रसतं, आणि असंच चालू ठेवलं तर टीव्ही जळतो. म्हणून भिंत आणि टीव्ही ह्यांच्यामध्ये पत्र्याचा एक डबा लागतो. डब्यात लोखंडाचा जड ट्रान्सफॉर्मर, त्याच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली, आणि त्या तारेला मध्ये मध्ये फाटे काढलेले. व्होल्टेज पडलं की आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डाच्या इशाऱ्यावर रिले टक् करून पुढच्या फाट्यावर जातो आणि वीज वर उचलून देतो. फारच पडलं तर डबा वीज तोडूनच टाकतो. किती पडल्यावर तोडायचं ते मी प्रत्येक डब्याला स्वतः लावायची. रत्नागिरीचे दुकानदार गिऱ्हाइकाला सांगायचे की सगुणाबाईच्या डब्यावर टीव्ही एक वेळ बंद पडेल, पण जळणार नाही. हे ऐकून मी चार दिवस मान ताठ करून चालायची.

गंमत अशी, की घरोघरी माझे डबे वीज वर खेचायला लागले की लाईन आणखीच खाली बसायची. म्हणजे जितके डबे मी वाडीत विकले तितका टोकाचा माझा दिवा मंद. वायरमन महिपत एकदा खांबावरून उतरताना म्हणाला, "वैनी, तुमीच तुमची लाईट खाताव." मी म्हटलं, "मंग तू डीपी जवळ आन." तो हसला आणि सायकल घेऊन गेला. डीपी काही जवळ आली नाही.

हे काम मला भिकाजीनेच शिकवलं. लग्न झालं तेव्हा तो आयटीआय करून घरीच पंपाच्या जळलेल्या मोटरी नव्या तारेने भरायचा. तार ताठ कशी ठेवायची, फेरा फेऱ्यावर चढू कसा द्यायचा नाही, हे त्याने माझा हात हातात धरून दाखवलं. मग मोटरींवर भागेना आणि त्याला अंधेरीची नोकरी लागली. निघाला त्या दिवशी एसटीच्या खिडकीतून वाकून म्हणाला, "तू धंदा उभा कर. दोघांना पोसायला लागला की मी मुंबई सोडतो. तू तार गुंडाळ, मी कार्ड जुळवीन." गाडी सुटली. मी घरी येऊन दुसऱ्या दिवसापासून गुंडाळायला बसले. मूल नाही आम्हाला. हे एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी वाट बघायला नको.

वाइंडिंगचं काम म्हणजे मोजणं. मशीनचा दांडा फिरवायचा, एक डोळा तारेवर, आणि तोंडाने फेरे. मशीनला आकडे दाखवणारं चाक होतं, पण ते अधूनमधून अडकायचं, तेव्हा माझा भरवसा तोंडावर. मध्ये कुणी बोललं की फेरे चुकतात आणि सगळं उलगडावं लागतं. त्यामुळे सगुणाचा हात मशीनवर असला तर तिच्याशी बोलायचं नाही, हे सगळ्या वाडीला पाठ झालं. बायका काजू सोलायला जमायच्या त्या कमळाच्या अंगणात जमायला लागल्या. हळूहळू माझा हात मशीनवर नसतानाही कुणी बोलेनासं झालं. चूक कुणाचीच नव्हती. पण दुपारी सड्यावर वारा पडला आणि कुठे कोंबडासुद्धा ओरडत नसला की मी मुद्दाम फेरे मोठ्याने मोजायची. घरात माणसाचा आवाज असावा म्हणून.

आणि मोजून झालं की भिकाजीशी भांडायची तयारी. तो पुढच्या खेपेला आला की काय बोलायचं, तो काय म्हणेल, त्यावर मी काय म्हणेन, सगळं जुळवून ठेवायची. कधी कधी इतकं फक्कड उत्तर सुचायचं की तो समोर नाही ह्याचंच रडू यायचं.

एका गणपतीला त्याने सदऱ्याच्या खिशातून एक काळी वस्तू काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. तिच्यावर बारीक तारेचे चार वेढे होते.

"ह्यो बघ. ह्यो ट्रान्सफॉर्मर."

"सुपारी हाय ही," मी म्हटलं.

"फेराइट म्हनतात ह्येला. लोखंड नाय ह्यात. आपली लाईट सेकंदाला पन्नास येळा हेलकावते, म्हनून तुला येवढं लोखंड लागतं. ह्यात लाईटीचे आदीच तुकडे करायचे. सेकंदाला हजारो येळा चालू बंद, चालू बंद. मंग लोखंडाची गरजच नाय. वजन नाय, ताप नाय. आनि व्होल्टेज पडलं तर ह्यो आपला आपनच सावरून घेतो."

"आनि जळला तर?"

"जळनार नाय."

"तुमच्या अंधेरीत नाय जळनार. दिवेलागनीला हितं ये म्हनावं तिला."

त्याच्या कंपनीतही ह्यावरून दोन तट पडले होते. जुने इंजिनियर म्हणायचे, ही असली सप्लाय, म्हणजे टीव्हीच्या आतला वीज पुरवणारा भाग, परदेशात ठीक आहे, आपल्याकडच्या विजेला ती टिकायची नाही, विजेचा एक झटका आला की ट्रान्झिस्टर खलास. शेजारच्या रेडिओत खरखर येईल, आणि खेड्यात ती दुरुस्त कोण करणार? नवे म्हणायचे, लोखंड आणि तांबं कुठवर वाहत बसणार, त्यात अर्धी वीज तापून जाते, जग पुढे गेलं. भिकाजी नव्यांच्या बाजूचा. मी जुन्यांच्या. त्या साहेबांना मी कधी पाहिलं नाही, पण त्यांची वकिली मी इथे पडवीत बसून जीव तोडून केली. माझा डबा बिघडला तर देवरूखचा व्हिडिओवाला रिले बदलून घेतो, राजापूरचा दुकानदार नुसती फ्यूज घालून चालू करतो. ह्यांची सुपारी बिघडली तर काय टीव्ही डोक्यावर घेऊन मुंबईला जायचं?

दर खेपेला तो नवीन काहीतरी सांगायचा. जुन्यांपैकी एक साहेब नोकरी सोडून गेले. आता निम्म्या टीव्हीत लोखंडाचा ट्रान्सफॉर्मर घालणं बंद झालं. आता सगळ्यात बंद होणार. सांगून झालं की तो थोडा वेळ गप्प बसायचा आणि म्हणायचा, "सगुणा, समजून घे गो. डब्याचं आता काय खरं नाय." मी म्हणायची, "बघू." आणि लगेच पुढचा मुद्दा काढायची, कारण तो गप्प बसला की मला भीती वाटायची की आता हा उठून देवळाकडे जाईल आणि आपलं बोलणं संपेल.

माझा धंदा मात्र चालला होता. रत्नागिरीला टीव्ही दिसायला लागल्यापासून तर मागणी पुरवता पुरवत नव्हती. मी पडवी दोन्ही बाजूंनी बंद करून घेतली. खिडकीपाशी एक टेबल करून घेतलं, फणसाच्या लाकडाचं, भिकाजीच्या बसण्याच्या उंचीचं. डाव्या हाताला उजेड येईल असं, कारण कार्डावर डाग द्यायला उजेड लागतो. त्याच्यासाठी सोल्डरिंगचं यंत्र, चिमटे, सगळं त्यावर मांडून ठेवलं आणि वर जुन्या लुगड्याचं फडकं टाकलं. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा मी फडकं काढून दाखवलं. त्याने टेबलावरून हात फिरवला आणि म्हणाला, "चांगलं हाय." तेवढंच म्हणाला. मी त्यातच खूश. धंदा आता दोघांना पोसण्याइतका झाला होता आणि हे त्यालाही दिसत होतं, मग वेगळं बोलायचं ते काय.

१९८८ सालच्या शिमग्याला तो रातराणीने आला तो टपावर खोकं घेऊन. कंपनीचाच रंगीत टीव्ही, कामगारांना स्वस्तात मिळाला होता. तिठ्यावरून खोकं उचलून आणायला भागोजी आणि आणखी माणसं गेली. वाडीत तोवर काळे-पांढरे टीव्ही होते, रंगीत हा पहिलाच. मी अंगण सारवत होते. भिकाजी सगळ्यांना वाटभर सांगत आला असणार, कारण भागोजी अंगणात पाय ठेवताच म्हणाला, "वैनी, ह्येला म्हनं तुमचा डबा लागत नाय."

माझ्या हातातलं शेण हातातच राहिलं. स्टॅबिलायझरवालीच्या घरात बिनस्टॅबिलायझरचा टीव्ही. न्हाव्याने घरात जटा वाढवाव्या तसं झालं. पण चार माणसांत बोलणार कसं. माणसं चहा पिऊन गेली आणि मग मी तोंड सोडलं.

"हितं डब्याशिवाय लावायचा नाय. येवढा महागाचा टीव्ही, जळला तर?"

"अगो, त्यासाठीच आनलाय. कितीबी खाली जाऊ दे, चालतो."

"कंपनीत चालतो. आमची लाईट तुमच्या कंपनीने बघितली नाय."

तो माझ्याकडे बघत राहिला. नेहमीसारखा वाद घालेल म्हणून मी कंबर कसून उभी होते. त्याने वाद घातलाच नाही. "बरं," म्हणाला, "लाव तुझा डबा." आणि स्वतःच पडवीतला नवाकोरा डबा उचलून टीव्हीखाली आणून ठेवला. मी जिंकले असं समजून मी त्याच्यासाठी ताकाला फोडणी दिली.

तो रविवार होता आणि संध्याकाळी सिनेमा होता. ऊन कलल्यापासून माणसं यायला लागली. पोरं पुढे, बायका भिंतीला, बापे दारात आणि पडवीत. कुणीतरी भिकाजीच्या टेबलावरही बसलं, मी त्याला उठवलं. इतकी माणसं माझ्या घरात लग्नानंतर पहिल्यांदाच आली असतील. मला बरं वाटत होतं. कमळाने माझ्या शेजारी पाट ओढून घेतला. चित्र लागलं तेव्हा सगळी वाडी आ वासून बघत होती, आणि खाली माझ्या डब्याचा काटा कसा स्थिर उभा होता ते मी बघत होते.

दिवे लागले तसं व्होल्टेज उतरायला लागलं. डब्यात टक् झालं, एक फाटा चढला. थोड्या वेळाने पुन्हा टक्. शिमग्याचे दिवस, सहाणेवर, म्हणजे देवाच्या ओट्यावर, पालखी बसलेली. तिकडे मोठे हॅलोजन लावले आणि लाऊडस्पीकर चालू केला तशी आमच्या घरातल्या बल्बची तार लाल झाली. डब्याने शेवटचा फाटाही घेतला. मला त्याचा श्वास लागल्यासारखं वाटत होतं, पण तो धरून होता. मग एकदम खट्ट करून त्याने वीज तोडली आणि टीव्ही बंद पडला.

पोरांनी ओरडा केला. मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बंद पडला, पन जळला नाय. ह्यासाठीच असतो डबा."

भिकाजी दाराशी बसला होता. तो उठला, माणसांतून वाट काढत आला, वाकला. माझ्या डब्यातून टीव्हीचा प्लग काढला आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातला.  क्षणभर काही झालं नाही आणि मग चित्र आलं. पूर्ण चित्र, चारी कोपऱ्यांपर्यंत, लाल लाल आणि हिरवं हिरवं. वर बल्ब विझायला आलेला आणि त्याच्याखाली हा टीव्ही जसा काही रत्नागिरीच्या दुकानात ठेवलाय.

 मग भागोजी म्हणाला, "भिकाजी, पुढल्या येळी मला पन असलाच आन." त्याच्या मागून आणखी दोघं तिघं बोलले. त्या सगळ्यांच्या घरी माझे डबे होते. मी त्यांच्या बायकांना ओळखत होते, त्यांचे डबे कोणत्या वर्षी गुंडाळले ते मला सांगता आलं असतं. कमळाने माझा हात दाबला आणि हळूच विचारलं, "बघतंस ना गो सिनेमा?" मी हो म्हटलं. त्या सिनेमात कोण होतं आणि कोण मेलं, देवाशप्पथ आज सांगता येणार नाही.

माणसं गेल्यावर मी पानं घेतली. भात, कुळथाची पिठी, भाजलेला बांगडा. तो खाली मान घालून जेवत होता. मनातून मी चरफडले होते, पण हरणाऱ्याने हरलो म्हणावं, एवढी लाज मला आहे.

"तुमचं खरं झालं," मी म्हटलं.

मला वाटलं हसेल. चिडवेल. इतक्या वर्षांच्या वादात मी पहिल्यांदाच नमतं घेतलं होतं. त्याने घास तसाच धरून ठेवला.

"कंपनीने नवीन खातं काढलाय," तो म्हणाला. "ह्याच सप्लायचं. मला त्याच्यावर नेमलाय. माझ्या हाताखाली मानसं दिल्यात."

"कदी?"

"मागल्या गनपतीच्या आदी."

"म्हंजे गनपतीत आलाव तवा तुमाला ठावं होतं. नि मला सांगितलं नाय."

"सांगत होतो गो," तो म्हणाला. आवाज चढवून नाही, थकून म्हणाला. "दर खेपेला सांगत होतो."

मी पाणी आणायला म्हणून चुलीकडे गेले आणि तिथेच उभी राहिले. खरंच तो सांगत होता. लोखंड संपलं, सुपारी आली, जुने साहेब गेले, डब्याचं काही खरं नाही. इतकी वर्षं तो मला एकच गोष्ट सांगत होता, की ज्या धंद्यासाठी त्याने परत यायचं ठरलं होतं तो धंदाच राहणार नाही. आणि मी त्याला तांब्याच्या तारेचे गुण समजावत होते. मला वाटायचं आम्ही भांडतोय. मजेत भांडतोय. तो निरोप देत होता.

पण मीही अशी तशी हार मानणारी नाही. पाणी घेऊन आले ते डोकं चालवूनच आले.

"डबा संपला तर संपू दे," मी म्हटलं. "ह्या सुपाऱ्या जळतीलच की कदी ना कदी. त्या दुरुस्त करायला पाली ते रत्नागिरीत कोन हाय? तुमाला सगळं येतं. टेबल हाय, हत्यारं हायत. मला शिकवा, मी पन बसते. तार शिकवलीत तशी ही पन शिकवा. धंदा दुसरा, मानसं तीच. तुमी या."

माझं हे बोलणं काही जुळवून ठेवलेलं नव्हतं. तिथल्या तिथे सुचलं, आणि सुचल्यावर मला स्वतःलाच ते इतकं पटलं की मी पुढे बोलतच गेले. तो आल्यावर नाव काय ठेवायचं, रत्नागिरीच्या दुकानदारांना काय सांगायचं, सगळं. तो ऐकत होता. नको म्हणाला नाही. शेवटी हात धुऊन, पंच्याला पुसून म्हणाला, "बघू."

हा शब्द माझा होता. मी तो किती वेळा आणि कशासाठी वापरला होता ते मला ठाऊक होतं. तरी मी त्यात आशा ठेवली. माणूस आपल्या सोयीने ऐकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी आमच्या दारात यायची होती. शिमग्यात देव घरोघरी येतो. वर्षभर आपण देवळात जातो, हे चार दिवस तो आपल्याकडे. अंगणात पालखी टेकवतात, बाई ओटी भरते, आणि रावजी गुरव त्या घराच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतो. एकेक मागणं तो मोठ्याने बोलतो आणि जमलेली सगळी माणसं त्यावर "व्हय म्हाराजा" म्हणतात. एकट्याचं मागणं सगळ्या वाडीचं होतं, तेव्हा देवाला ते टाळता येत नाही, असं मानतात. घरधन्याने तर म्हणायचंच. त्याचंच घर, त्याचंच मागणं.

माझ्या घराचं मागणं रावजीला तोंडपाठ होतं. मी कधी बदललंच नव्हतं. भिकाजी गावात असला तरी दर वर्षी पालखीच्या दांड्याखाली असायचा. त्याला नाचायची हौस, घामाने निथळत, गुलालाने माखलेला, गर्दीत कुठेतरी. मी ओटीचं ताट घेऊन पुढे. ह्या वर्षी त्याचा गुडघा दुखत होता. कंपनीत उभं राहून राहून दुखतो म्हणाला. म्हणून तो दांड्याखाली गेला नाही, धुतलेला सदरा आणि टोपी घालून माझ्या शेजारी उभा राहिला. लग्नात उभे होतो तसे आम्ही दोघं उभे होतो.

ढोल थांबले. मी ओटी भरली, नारळ ठेवला. रावजीने पुढे वाकून विचारलं, "सगुणाबाय, नेहमीचंच ना?"

मी भिकाजीकडे बघितलं. आदल्या दिवशीचं सगळं त्याला आठवत असणार. बदलायचं असेल तर त्याने आत्ता बोलावं. तो नारळाकडे बघत होता.

"नेहमीचंच," मी म्हटलं.

रावजीने डोळे मिटले आणि सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, आज तू ह्या लेकराच्या दारात आलास. ह्या घराची जी काय इडापिडा असंल ती भायेर काढ."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. माझ्या शेजारून भिकाजीचा आवाज आला, त्याचा आवाज जाड आहे, लगेच कळतो.

"हिचा घरधनी मुंबैला पोटासाठी ऱ्हातो, त्येला सुखी ठेव, त्येच्या केसाला धक्का लावू नको."

"व्हय म्हाराजा." ह्यातही तो होता.

"हिच्या हाताला यश दे."

"व्हय म्हाराजा." हे तर तो सगळ्यांच्या आधी म्हणाला.

"आनि घरधन्याला घरी आन, दोघांचं कामधाम एका छपराखाली चालू दे, ह्या घरात दोन मानसं नांदू देत."

सगळी वाडी म्हणाली, "व्हय म्हाराजा." भागोजी म्हणाला, कमळा म्हणाली, महिपत म्हणाला, पोरं तर ओरडलीच. माझा उजवा कान भिकाजीकडे होता. तिथून काही आलं नाही. मी मान वळवून बघितलं. त्याचे हात जोडलेले होते, डोळे उघडे होते आणि ओठ घट्ट मिटलेले होते.

रावजीने नारळ फोडला. पोरांनी खोबऱ्यासाठी झोंबाझोंबी केली, ढोल पुन्हा सुरू झाले, पालखी उचलली आणि कमळाच्या घराकडे निघाली. भिकाजी गुडघा सांभाळत तिच्या मागून चालू लागला. मी ताट घेऊन अंगणात उभी राहिले.

मला त्याचा राग यायला हवा होता, आला नाही. देवासमोर तो खोटं बोलू शकला नाही. माझ्यासमोर "बघू" म्हणून वेळ मारून नेली, पण देवापुढे तेही जमलं नाही त्याला. मला वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. दर वर्षी तो त्या गर्दीत असायचा आणि सगळ्यांच्या आवाजात त्याचाही आवाज आहे असं मी धरून चालले होते. त्याच भरवशावर मी वर्षभर फेरे मोजायची. ह्या वर्षी तो म्हणाला नाही, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पण कुठल्या वर्षापासून तो म्हणत नव्हता, हे मला आता कुणीही सांगू शकणार नाही.